ह

रवळूनं फोटो धाडला चेंगदूहून,
डॉक्टर व्हायला गेलाय भाचा :
भिंतभर लाकडी खण, एक उघडा,
आत सुरकुतलेली, काळपट फळं.
'आत्या, ओळख.'

ओळखायचं काय त्यात?
जांबोटीच्या वर, कणकुंबीच्या वाटेला
मार्गशीर्षात पोत्यांनी पडलेली असतात ही,
दातानं फोडायची पैज लागायची आमची.
हिरडा रे, गाढवा. कानडीत अळलेकाई.
तिथं काय म्हणतात, मी विचारलं.
त्यानं आवाज भरून पाठवला :
घशाच्या तळातून आलेला ह,
चष्म्याची काच पुसताना सोडतो तसा,
आणि मागं एक बारीक शेपूट, झ.
त्याचे सर म्हणाले म्हणे,
हरीतकी निघाली होती इकडून कुठल्या तांड्याबरोबर.
वाटेत त सांडला, र झिजून ल झाला,
पोचला तो हा एवढा.

भावकाण्णाचाही एवढाच उरलाय सध्या.
रवळूचा बाप. कंडक्टर. बेळगाव, खानापूर, कणकुंबी,
सव्वीस वर्षं : 'मुंदे होग्री, पुढं सरका.'
एकच गोष्ट दोन भाषांत ओरडली
की घसा दुप्पट झिजतो,
हे खात्याच्या हिशोबात बसत नाही.
स्वरयंत्रावर गाठी, डॉक्टर म्हणाले,
मोहरीएवढ्या. दोन महिने तोंड मिटा.
मिटलं त्यानं. पाटीवर लिहितो.
विसरून कधी बोलायला जातो
आणि ह होतो.

एकतीस वर्षं कॉलेजात परीक्षानळ्या धुतल्या मी,
तेवढ्या पुण्याईवर रविवारची किल्ली मिळाली.
हिरडा कुटला, कढत पाण्यात भिजवला, गाळला.
कोऱ्या चहासारखं पाणी, गरीब दिसणारं.
त्यात फेरिक क्लोराइडचा थेंब,
एकच.
झरकन निळं-काळं!
दर वर्षी पोरांना दाखवलं, तरी दर वर्षी दचकले.
हिरड्याला लोखंड भेटलं की शाई होते.
कुणी नकाशावर रेघ ओढली तेव्हा
दौतीत काय होतं, ठाऊक नाही.
झाडं मात्र रेघेच्या दोन्ही अंगांना आहेत.

मग सिलिकाच्या पट्टीवर टिकलीएवढा ठिपका,
तळाशी द्रावण, वर वर चढणारं,
वात तेल पिते तसं.
निळ्या दिव्याखाली धरली पट्टी :
गॅलिक आम्ल हलकं, पार पुढं जाऊन उभं.
चेब्युलॅजिक, चेब्युलिनिक,
जड अंगाची, बोचकी घेतलेली,
दारातच अडून बसलेली.
मी एकटीच हसले प्रयोगशाळेत :
पुढं सरका की हो.

तुरट म्हणजे चव नव्हेच तशी.
ती पकड आहे. टॅनिन
लाळेतल्या प्रथिनांना मिठी मारतं,
ओशटपणा जातो, जीभ तागाची होते.
सुजल्या घशालाही ते असंच आवळून धरतं म्हणे.
म्हणे, कारण नळीत घसा नसतो.
वैद्य सांगतात, सहातले पाच रस आहेत यात,
खारट तेवढा नाही.

भावकाण्णानं बाळहिरडा गालात धरला,
आठळी न धरलेला, मनुकेएवढा.
तोंड असं केलं, जणू तिकीट न काढता
कुणी उतरून गेलंय.
पाटीवर लिहिलं : शिक्षा?
मग पाणी प्याला.
लिहिलं : गोड.
खाली रेघ मारली, दोनदा.

त्रेपन्नाव्या दिवशी परड्यात
म्हशीला हाकलताना आवाज फुटला.
विश्रांतीनं, डॉक्टर म्हणाले.
हिरड्यानं, वहिनी म्हणाली.
माणूस एक, उपाय दोन, तुलनेला कुणी नाही,
अशा प्रयोगाला गुण देत नाहीत आमच्याकडे.
वहीत निरीक्षण लिहिलं.
अनुमानाची ओळ कोरी ठेवली.

रवळू विचारतोय, बाबा बोलतात का?
फोन धरला भावकाण्णाच्या तोंडापुढं.
खाकरला. म्हणाला, सवयीनंच,
'मुंदे'
स्वच्छ आलं, फाटकापर्यंत गेलं.
'होग्री'तला ह जरा मोठा पडला,
मागचं सगळं त्यातच बुडालं.
धाडून दिलं तसंच.